जड इंजिन आणि पाट्यांचा हिशेब

उंच बॉनेटची जुनी जीप सिंधुदुर्गात कुणाला ओळखून द्यावी लागत नाही. पुढचा चेहरा उभट, जाळी लांबट, बॉनेट मडगार्डांच्या बरंच वर. ही सीजे-३बी. विलीज कंपनीनं ती अमेरिकेत १९५३ साली बाजारात आणली आणि पुढं महिंद्रानं मुंबईत परवान्यावर बनवली. तिचा चेहरा असा झाला तो हौसेखातर नव्हे. आधीच्या विलीज इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते. नव्या हरिकेन इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह डोक्यावर गेला, इंजिनाची उंची वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. मग कारखान्यानं बॉनेटच उचललं.

इंजिन बदललं की गाडी बदलावी लागते, हे कारखान्यालाही चुकलं नाही. फरक एवढाच की कारखाना आधी कागदावर हिशेब करतो. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा इंजिन बसतं कसं एवढंच पाहिलं जातं. माउंटिंग जुळलं, गिअरबॉक्सची प्लेट बसली, रेडिएटरला जागा मिळाली की काम झालं म्हणायचं. गाडी रस्त्यावर आल्यावर कळतं, नाक खाली गेलंय.

जड इंजिन घालण्याचा आपल्याकडचा इतिहास हा मुख्यतः पेट्रोल काढून डिझेल घालण्याचा इतिहास आहे. महिंद्रानं १९४७ मध्ये मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली तेव्हा त्या पेट्रोलच्या होत्या. डिझेल नंतर आलं, आणि ते आलं तेही ट्रॅक्टरच्या घरातून. महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली होती, कारखाना कांदिवलीत. तिच्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या २३५० सीसी इंजिनाचाच एक भाऊ सत्तरच्या दशकात जीपच्या बॉनेटखाली गेला. पुढं इगतपुरीच्या कारखान्यात प्यूजोच्या तंत्रानं बनलेलं २११२ सीसीचं एक्सडीपी इंजिन आलं आणि डिझेल जीप घराघरांत पोहोचली. हिंदुस्थान मोटर्सनंही अँबॅसिडर डिझेलमध्ये आणली. पण ज्यांच्याकडे आधीची पेट्रोल गाडी होती, त्यांनी नवी घेण्यापेक्षा इंजिनच बदललं. अँबॅसिडरमध्ये मॅटाडोरचं इंजिन, जीपमध्ये कुठलं तरी जुनं डिझेल, असे प्रकार गावोगाव झाले. पेट्रोल आणि डिझेलच्या भावात तेव्हा एवढी तफावत होती की भाड्यानं गाडी चालवणाऱ्याचा खर्च थोड्या काळात भरून निघे. पेट्रोलचे भाव २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले, तफावत आटली, आणि तो धंदाही आटला. आता इंजिन बदलणारे उरले ते जुन्या जीपच्या वेडापायी.

कुडाळसारख्या ठिकाणी हा विषय नुसता तांत्रिक राहत नाही. गावातून महामार्ग जातो, तिथं वेग मिळतो. मालवणकडे किंवा वेंगुर्ल्याकडे वळलात की अरुंद, वळणावळणाचा रस्ता. घाटावर जायचं तर आंबोली, फोंडा किंवा करूळ, यांतला एक घाट चढावाच लागतो आणि उतरावा लागतो. पावसाळ्यात खड्डे पाण्याखाली असतात, म्हणजे दिसतच नाहीत. अशा रस्त्यांवर सस्पेन्शनमधली चूक आठवडाभरही लपून राहत नाही.

गॅरेजमधला संवाद साधारण ठरलेला असतो. गाडीवाला म्हणतो, "मेस्त्रीनू, गाडी फुडे बसता." बहुतेक मेस्त्री लगेच उपाय सांगतात: स्प्रिंगखाली वॉशर टाकू, पाटे वाकवून घेऊ, रबर घालू. पण एखादा जुना, रागीट मेस्त्री भेटला तर तो आधी उलट विचारतो, "फुडचा वजन किती वाढला, ता पयला सांग." या प्रश्नाचं उत्तर गाडीवाल्याकडे जवळजवळ कधीच नसतं. आणि खरं काम तिथूनच सुरू होतं.

गाडी पुढं बसणं हे लक्षण आहे, रोग नव्हे. सस्पेन्शनमध्ये तीन गोष्टी एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात: गाडी किती उंच उभी आहे, स्प्रिंग किती ताठ आहे, आणि एकदा हललेली गाडी किती लवकर थांबते. उंची डोळ्यांना दिसते, म्हणून लोक ती दुरुस्त करतात. ताठरपणा दिसत नाही, तो मोजावा लागतो. आणि थांबणं शॉकअपच्या हातात असतं, ज्याच्याविषयी गैरसमजच जास्त. "शॉकअप गेले म्हणून गाडी बसली" हे वाक्य तर रोज ऐकू येतं. साधा तेलाचा शॉकअप गाडीचं वजन उचलतच नाही. तो काढून बाजूला ठेवला तरी गाडी तेवढ्याच उंचीवर उभी राहील, फक्त एका धक्क्यानंतर डुलत राहील.

वजन मोजणं अवघड नाही. चिऱ्याच्या आणि खडीच्या ट्रकांसाठी महामार्गाच्या कडेला वजनकाटे असतात. काट्यावर पूर्ण गाडी घ्यायची, एक आकडा लिहायचा. मग फक्त पुढची चाकं काट्यावर आणि मागची जमिनीवर अशी उभी करायची, दुसरा आकडा. ट्रकच्या काट्याला पाच-दहा किलोंचा फरक कळत नाही, पण आपल्या कामाला तेवढं पुरतं. हे इंजिन काढण्याआधी एकदा आणि घातल्यानंतर एकदा करायचं. नंतरच्या वेळी बॅटरी, रेडिएटरमधलं पाणी, इंजिनातलं तेल, सगळं जागेवर हवं. डिझेल गाडीला बॅटरी मोठी लागते, स्टार्टर जड असतो, रेडिएटर जाड असतो. इंजिनाचं वजन वाढलं ४० किलोंनी आणि पुढच्या आसावर वाढलं ७० असं होतं, ते या सगळ्यामुळे. कारखान्यात बनलेल्या गाड्यांतही हे दिसतं. मारुती स्विफ्ट पेट्रोल आणि डिझेल अशा दोन्ही रूपांत विकली जात होती तेव्हा डिझेल स्विफ्ट सुमारे शंभर किलोंनी जड असे, आणि त्यातला बहुतेक भार पुढं होता.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीपुरते आहेत, पण जुन्या फिआट पद्मिनीच्या जवळचे. गाडी १००० किलोंची, पुढच्या आणि मागच्या आसांत अंतर २३४० मिलिमीटर, पुढच्या आसावर ५२० किलो. नवं इंजिन आणि त्याच्या सोबतचं सामान मिळून ८० किलो जास्त. हे ८० किलो जर पुढच्या आसाच्या शंभर मिलिमीटर पुढं बसले, तर पुढच्या आसावर ८० नव्हे, ८३ किलो वाढतात आणि मागच्या चाकांवरून तीन किलो कमी होतात. शाळेत शिकलेला तरफेचा नियमच हा. तेच इंजिन आसाच्या २०० मिलिमीटर मागं सरकवता आलं, तर पुढं ७३ वाढतात आणि मागं सात. दहा किलोंचा फरक फक्त इंजिन कुठं बसलं यावर. म्हणून माउंटिंगची ब्रॅकेट वेल्ड करण्याआधी इंजिन जेवढं मागं नेता येईल तेवढं न्यावं. यात खर्च फारसा नाही, डोकं लागतं. नंतर सस्पेन्शनवर करायचा तेवढाच खर्च वाचतो.

पुढच्या ५२० किलोंतली चाकं, ड्रम, आर्म वगैरे वगळली तर स्प्रिंगवर प्रत्यक्ष बसलेलं वजन धरू ४५० किलो. आता स्प्रिंग किती ताठ आहे ते काढायचं. यासाठी प्रयोगशाळा नको, सिमेंटची दोन पोती हवीत. पोतं ५० किलोंचं असतं, आणि दुकानदाराचा काटा बरोबर असेल तर भरवशाचं वजन हेच. दोन्ही मडगार्डांच्या काठांवर आडवी जाड फळी टाकायची, बरोबर पुढच्या चाकांच्या मध्याच्या वर. बॉनेटच्या पत्र्यावर पोती ठेवू नयेत, पत्रा दबेल. आधी गाडी दोन-तीनदा हातानं दाबून सोडायची, म्हणजे रबरांचं आणि पाट्यांचं घर्षण मोकळं होतं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंत टेपनं माप घ्यायचं. मग पोती ठेवायची, पुन्हा गाडी हलवायची, पुन्हा माप. समजा गाडी साडेअठ्ठावीस मिलिमीटर खाली गेली, तर दोन्ही स्प्रिंग मिळून ताठरपणा झाला मिलिमीटरला साडेतीन किलो.

लांबी वाढते ती भाराच्या प्रमाणात, हा नियम रॉबर्ट हुकनं १६७८ मध्ये छापला. त्याआधी दोन वर्षं त्यानं तो अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा जाहीर केला होता, कुणी ढापू नये म्हणून. आपल्या गाडीला तोच नियम लावला तर ४५० किलोंखाली स्प्रिंग १२९ मिलिमीटर दबून बसलेली आहे. वर ८३ किलो आले की ती आणखी २४ मिलिमीटर दबते. चाक वर यायला रबराच्या स्टॉपरपर्यंत सत्तर मिलिमीटर जागा असेल तर त्यातला तिसरा हिस्सा गाडी उभी असतानाच संपला. पावसाळ्यात एखादा पाण्यानं भरलेला खड्डा लागला की 'ठाक' असा आवाज येतो, तो याचा.

नाक २४ मिलिमीटरनं खाली जाण्याचे आणखी परिणाम आहेत. त्यांतला हेडलाइटचा कुणी धरत नाही. २३४० मिलिमीटरच्या लांबीत २४ मिलिमीटरचा उतार म्हणजे शंभराला एक. पंचवीस मीटर पुढं प्रकाश पंचवीस सेंटीमीटर खाली पडतो. रात्री महामार्गावर ही फार मोठी गोष्ट आहे. मागं सीएनजीची टाकी बसवलेल्या गाड्यांचं याच्या उलट होतं, मागचा भाग बसतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश जातो. (कारखान्यातून सीएनजी लावून येणाऱ्या गाड्यांचं सस्पेन्शन त्या भारासाठी वेगळं जुळवलेलं असतं. बाहेर किट बसवणारे बहुतेक जण तिकडे पाहतही नाहीत.) तसंच स्टिअरिंगच्या कॅस्टर कोनाचं. गाडी पुढं झुकली की तो कोन अर्ध्या अंशाहून थोडा जास्त कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ यायला आळस करतं आणि सरळ रस्त्यावर गाडी भटकते. लोक टायरॉड बदलतात, बॉल जॉइंट बदलतात, गाडी भटकतच राहते.

तर आता उपाय. पहिला मोह असतो उंची परत आणण्याचा. स्प्रिंगखाली चकती टाकायची, किंवा कॉइलच्या दोन वेढ्यांत रबराचा गोळा घालायचा, ज्याला बाजारात असिस्टर म्हणतात. चकतीनं उंची येते, ताठरपणा तसूभर वाढत नाही. वरचा स्टॉपर दूर गेलेला वाटतो, पण खालच्या बाजूला चाक लोंबकळण्याची जागा तेवढीच कमी होते. असिस्टर एक वेढा निकामी करतो, म्हणून ताठरपणा थोडा वाढतो, पण वेढ्यावरचा ताण एका जागी गोळा होतो आणि तिथला रंग घासून गंज धरतो. कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत गंजाला निमंत्रण लागत नाही. कमी पल्ल्याच्या शहरी गाडीला असिस्टर चालून जाईल. जड इंजिनासाठी मी तो कधीच सुचवणार नाही.

अँबॅसिडरच्या बाबतीत हा घोटाळा फार सुबक रूपात दिसतो. तिच्या पुढं कॉइल नव्हती, टॉर्शन बार होता. लांब पोलादी सळई, एक टोक चॅसिसला, दुसरं आर्मला. चाक वर गेलं की सळईला पीळ पडतो. सळईच्या टोकाशी समायोजनाची सोय असते. ती फिरवली की नाक वर येतं. मेकॅनिक समाधानानं म्हणतो, "टॉर्शन टाइट केला." प्रत्यक्षात सळई तेवढीच जाड आणि तेवढीच लांब आहे, म्हणजे ताठरपणा होता तेवढाच आहे. टाइट काहीच झालेलं नाही, फक्त सुरुवातीची जागा सरकली. उंची आली म्हणजे ताकद आली असं नाही, मघाच्या रागीट मेस्त्रीच्या भाषेत, "उंची इली म्हणान पाटो ताकदीचो झालो असा नाय."

खरा उपाय ऐकायला इतका साधा आहे की त्यावर विश्वास बसत नाही. स्प्रिंगवरचं वजन जितक्या टक्क्यांनी वाढलं, तितक्याच टक्क्यांनी ताठरपणा वाढवायचा. आपल्या उदाहरणात ४५० चे ५३३ झाले, म्हणजे साडेअठरा टक्के वाढ. ताठरपणा मिलिमीटरला साडेतीन किलोंवरून सव्वाचारच्या आसपास न्यायचा. मग स्प्रिंग पुन्हा १२९ मिलिमीटरच दबते. मोकळी लांबी तीच ठेवली तर उंची आपोआप जुनी येते, चकती नको, पीळ नको. आणि गाडीची डुलण्याची चालही जुनीच राहते. ही चाल फक्त स्प्रिंग किती दबलेली आहे यावर ठरते. १२९ मिलिमीटर दबलेली स्प्रिंग मिनिटाला सुमारे ८३ वेळा वरखाली होते. तीच जुनी स्प्रिंग जड इंजिनाखाली १५३ पर्यंत दबली की ७७ वेळा. मिनिटाला ६० ते ९० यांच्या दरम्यान माणसाला सुखाचं वाटतं. त्याखाली बोट लागल्यासारखं होतं, त्यावर कंबर दुखते.

टक्क्यांच्या हिशेबाचा आणखी एक फायदा आहे. फिआटसारख्या गाडीत कॉइल चाकापाशी नसते, आत आर्मवर बसलेली असते. चाक दहा मिलिमीटर हललं तर कॉइल सहाच हलेल, आणि चाकापाशी जाणवणारा ताठरपणा या गुणोत्तराच्या वर्गानं कमी होतो. शून्य पूर्णांक सहाचा वर्ग ३६ शतांश, म्हणजे कॉइलचा तिसरा हिस्साच चाकाला जाणवतो. हे लक्षात न घेता कॅटलॉगमधून कॉइल मागवणारे फसतात. टक्क्यांत विचार केला की गुणोत्तर दोन्हीकडे तेच असल्यामुळे मध्ये येत नाही.

आता साडेअठरा टक्के वाढ म्हणजे वर्कशॉपमध्ये काय? कॉइलचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. बाकी सगळं सारखं ठेवून तार १२ मिलिमीटरची साडेबारा केली की ताठरपणा जवळजवळ १८ टक्क्यांनी वाढतो. अर्धा मिलिमीटर! लोक इथंच चुकतात. जाड तार घेतो म्हणून १४ मिलिमीटरची कॉइल बसवतात आणि गाडी बैलगाडी होते. तार १२ वरून १४ केली तर ताठरपणा ८५ टक्क्यांनी वाढतो, आणि मग नाक खाली नाही, वर जातं.

पाट्यांचं गणित थोडं निराळं. जीपला चारही बाजूंना पाटे, आणि कोकणातल्या जीपवाल्यांचं पाट्यांवर प्रेम फार. पाट्यांच्या जुडग्यात सारख्या जाडीचा आणखी एक पाटा घातला तर ढोबळमानानं एका पाट्याइतकाच ताठरपणा वाढतो. पाच पाट्यांत सहावा घातला, २० टक्के. आपल्या उदाहरणाला हे नेमकं लागू पडतं. पण पाट्याची जाडी बदलली तर ती तिसऱ्या घातानं अंगावर येते. सहा मिलिमीटरचे पाटे काढून सगळे सातचे टाकले तर ५९ टक्के वाढ. आठचे टाकले तर १३७ टक्के, म्हणजे दुपटीहून बरंच जास्त. आठ मिलिमीटरच्या जुडग्याखाली आपली गाडी, जड इंजिनासकट, पूर्वीपेक्षा साडेसहा सेंटीमीटर उंच उभी राहील आणि मिनिटाला जवळजवळ १२० वेळा आदळेल. अशा गाडीतून कुडाळ ते मालवण गेलेला माणूस पुन्हा बसायला तयार होत नाही. एक पाटा वाढवणं हा पाट्यांच्या गाडीत सर्वांत शहाणा उपाय, फक्त नवा पाटा जुडग्यात कुठं बसवायचा ते पाहायचं. मेन पाट्याच्या लगेच खाली, लांब पाटा म्हणून तो बसवला तर मेन पाट्यावरचा ताण हलका होतो. तळाला आखूड पाटा म्हणून टाकला तर गाडी थोडी वर येते आणि कमानीच्या मध्यावर बोजा वाढतो.

पाटे "मारून घेणं", म्हणजे सपाट झालेले पाटे तापवून पुन्हा वाकवणं, हा जुना धंदा. तो चांगल्या हातात असेल तर वाईट नाही. पण स्प्रिंगचं पोलाद साधं लोखंड नव्हे. आपल्याकडे बहुधा ईएन-४५ किंवा एसयूपी-९ जातीचं पोलाद वापरतात. ते ८५० ते ९०० अंशांपर्यंत तापवून तेलात बुडवतात आणि मग साडेचारशे ते पाचशे अंशांवर पुन्हा गरम करून त्याची ठिसूळता काढतात. ही दुसरी पायरी गाळली तर पाटा ताठ होतो पण थंडीतल्या बिस्किटासारखा तुटतो. आणि पहिली पायरी पुरी न करता नुसता गॅस कटरनं मध्येच लाल करून वाकवला, तर तो दोन पावसाळ्यांत पुन्हा सपाट होतो. पाट्यावर वेल्डिंग तर कधीच करू नये. वेल्डच्या कडेलाच तडा जातो, बहुधा घाटात.

पाट्यांच्या मध्ये गंज साठला की पाटे एकमेकांवर सरकत नाहीत. गाडी ताठ वाटते आणि मालक खूश होतो. ही ताकद नव्हे, घर्षण आहे. छोटे धक्के थेट चॅसिसला जातात आणि मोठा धक्का आला की जुडगं अचानक सुटतं. जुडगं उघडून, वायर ब्रशनं घासून, ग्रॅफाइट ग्रीस लावून बसवणं हे सस्पेन्शनमधलं सर्वांत स्वस्त काम आहे. ते आधी करून मगच सिमेंटची पोती ठेवून माप घ्यावं, नाहीतर हाती येणारा आकडा गंजाचा असेल.

स्प्रिंग वाढवली की शॉकअप बदलावेच लागतात. वजन आणि ताठरपणा दोन्ही १८ टक्क्यांनी वाढले तर जुनी थांबण्याची चाल राखायला शॉकअपही साधारण तेवढाच ताकदवान हवा. जुना तसाच ठेवला तर काम भागतं, पण ढिलं. आठ मिलिमीटरच्या पाट्यांच्या उदाहरणात मात्र जुन्या शॉकअपची पकड सहा दशांशावर येते. गाडी एका खड्ड्यावर दोन-तीनदा उसळते, आणि चाक हवेत असतं तेवढा वेळ ना ब्रेक लागतो ना स्टिअरिंग. तेव्हा पैसे मोजके असतील तर मध्यम ताठ स्प्रिंग आणि चांगला शॉकअप घ्यावा. अति ताठ स्प्रिंग आणि जुना शॉकअप ही जोडी सगळ्यांत वाईट. शॉकअपची लांबीही पाहायची: स्प्रिंग पूर्ण दबल्यावर शॉकअप आतून आपटता कामा नये, आणि चाक पूर्ण लोंबल्यावर तो ताणला जाता कामा नये. जॅकवर गाडी घेऊन, स्प्रिंग काढून, चाक वरखाली करून हे तपासायला अर्धा तास पुरतो.

पुढचं एवढं करताना मागचंही लक्षात ठेवायला हवं. मॉरिस ओली नावाचा इंजिनिअर रोल्स-रॉइसमधून १९३० मध्ये अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला. तिथं त्यानं पुढच्या-मागच्या स्प्रिंगांचं एकमेकांशी नातं नीट तपासलं. स्पीडब्रेकर आधी पुढच्या चाकांना लागतो, मग मागच्या. पुढचा भाग आधी डुलायला लागतो. मागचा भाग जरा जलद डुलणारा असेल तर तो पुढच्याला गाठतो आणि गाडी सपाट वरखाली होऊन शांत होते. पुढचा भाग जलद असेल तर दोन्ही टोकं उलटसुलट होतात आणि गाडी डोलत राहते. जड इंजिनाच्या भीतीनं पुढं अति ताठ स्प्रिंग टाकली की नेमकं हेच घडतं. शिवाय वळणावर पुढचा भाग मागच्याहून ताठ झाला की पुढचे टायर आधी हार मानतात, स्टिअरिंग फिरवूनही गाडी बाहेर जाते. आंबोलीच्या ओल्या वळणांवर हे कुणालाही नको. पुढच्या टायरमध्ये हवा थोडी वाढवावी, टायरवर लिहिलेला भार-क्रमांक नव्या वजनाला पुरतो का ते पाहावं. गाडी फार कलते असं वाटलं तर पुढच्याआधी मागं स्टॅबिलायझर बारचा विचार करावा.

ब्रेक हा या विषयाचा भाग नाही असं मानलं जातं, पण घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्यानं तसं मानू नये. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. तिथून खाली येताना वाढीव ८० किलोंची उष्णतासुद्धा ब्रेकच्याच पदरात पडते, आणि जुन्या गाड्यांना पुढंही ड्रमच असतात. नवं इंजिन जास्त जोमाचं, म्हणजे वेगही जास्त. इंजिनावर खर्च करणाऱ्यानं ब्रेकसाठी वेगळे पैसे बाजूला ठेवले नसतील तर इंजिन घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

यातलं काहीही करण्याआधी एक कागदी काम असतं. सिंधुदुर्गातल्या गाड्यांची, म्हणजे एमएच-०७ पासिंगची नोंद ओरोसला होते. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवर लिहिलेली आणि उत्पादकानं ठरवलेली वैशिष्ट्यं बदलतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सीएनजी, एलपीजी किंवा वीज यांच्यासाठी मंजूर किटचा मार्ग कायद्यात आहे. ते किट पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांकडून तपासलेलं असावं लागतं. ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांवर डिझेलची नोंद आरसी बुकात रीतसर आहे. अशी गाडी विकत घेताना इंजिन नंबर जुळतो का ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अपघात झाला आणि इंजिन आरसीशी जुळलं नाही, तर विमा कंपनीला हात वर करायला ते कारण पुरतं. अशा नोंदवलेल्या जुन्या गाड्याच आज सस्पेन्शनच्या कामाला गॅरेजमध्ये येतात, आणि त्यांना वर सांगितलेला सगळा हिशेब जसाच्या तसा लागू पडतो. सीएनजीच्या टाकीखाली बसलेल्या मागच्या स्प्रिंगांनाही तोच.

काम झाल्यावर लगेच अलाइनमेंटला पळू नये. नवी स्प्रिंग किंवा नवा पाटा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडा बसतो, उंची काही मिलिमीटर उतरते, आणि तिच्याबरोबर कोनही बदलतात. तोवर चाकं डोळ्यांनी सरळ दिसतील एवढं ठेवावं. साधारण पाचशे किलोमीटरनंतर पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळावे, कारण पाटे बसले की बोल्ट ढिले पडतात. ढिल्या यू-बोल्टखाली सेंटर बोल्ट तुटतो आणि अख्खा आस तिरका सरकतो. बुश आवळायचे तर गाडी चाकांवर उभी असताना, जॅकवर असताना नाही, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं. मग पुन्हा टेप घेऊन चाकाचा मध्य ते कमान हे माप चारही बाजूंना घ्यावं, वजनकाट्यावर एक फेरी मारावी, आणि त्यानंतर अलाइनमेंट आणि हेडलाइट. दोन्ही बाजूंच्या मापात दहा मिलिमीटरहून जास्त फरक निघाला, तर अलाइनमेंटवाल्याला पैसे देण्याआधी बसकी बाजू पुन्हा उघडावी.